संवेदनशील मजकुरासाठी वेबवर एक साधी, सामायिक लेबल-पद्धत असावी का, आणि कशी?

अनुस्वार

एखाद्या दीर्घ लेखात एकच परिच्छेद आत्महत्येविषयी असतो, किंवा युद्धाच्या वार्तांकनात मृतदेहांचे एकच छायाचित्र असते, आणि वाचक तिथे पोहोचण्याआधी त्याला कल्पना द्यावी असे लेखकाला वाटते. आजही लेखक हे करतात, पण प्रत्येक जण आपापल्या रीतीने करतो. कोणी वर 'सूचना' असे लिहितो, कोणी चित्र धूसर करतो, कोणी मजकूर पार्श्वभूमीच्याच रंगात रंगवून झाकतो. लेखकाच्या स्वतःच्या पानावर यातले काहीही चालून जाते. अडचण येते ती मजकूर त्या पानाबाहेर पडल्यावर. फीड वाचणारे सॉफ्टवेअर पानाचे रूप ठरवणारी स्टाइलशीट टाकून देते, ब्राउझरचा वाचन-मोड क्लास आणि स्क्रिप्ट काढून टाकतो, दुवा कुठे चिकटवला की पूर्वदृश्यात नेमके तेच छायाचित्र वर येते, आणि लेखकाने घेतलेली काळजी वाटेतच गळून पडते. म्हणून विचारार्थ मांडतो, की कोणता भाग संवेदनशील आहे आणि तो कशाविषयी आहे एवढेच सांगणारी, हाताने लिहिता येईल इतकी लहान मार्कअप-पद्धत, म्हणजे पानाच्या कोडमध्ये खुणा करण्याची रीत, ठरवता येईल का?

असा प्रयत्न पूर्वी मोठ्या प्रमाणावर झालेला आहे आणि तो का फसला हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९६ मध्ये 'पिक्स' हे मानक प्रसिद्ध केले. अमेरिकेत त्याच वर्षी इंटरनेटवर अशोभनीय मजकूर मुलांपर्यंत पोहोचवण्यावर बंदी घालणारा कम्युनिकेशन्स डीसेन्सी अ‍ॅक्ट संमत झाला होता, आणि कायद्याने बंदी घालण्यापेक्षा मजकुराला लेबल लावून निवड पालकांच्या हाती द्यावी, असा पिक्समागचा विचार होता. लेबल कसे लिहावे आणि कसे पोहोचवावे एवढेच पिक्सने ठरवले. वर्गीकरण इतर संस्थांवर सोडले. त्यांपैकी बऱ्यापैकी रुळलेल्या आरएसएसीआय पद्धतीत हिंसा, नग्नता, लैंगिकता आणि भाषा असे चार विषय होते व प्रत्येकाला ० ते ४ अशी पातळी द्यायची होती. इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत ही लेबले वाचणारा 'कंटेंट अ‍ॅडव्हायझर' आला. पुढे १९९९ मध्ये आयसीआरए ही संस्था स्थापन होऊन तिने हे काम हाती घेतले. २००९ मध्ये पिक्सची जागा 'पावडर' या अधिक गुंतागुंतीच्या मानकाने घेतली, आणि पुढच्या वर्षी आयसीआरएचे लेबलही बंद झाले.

माझ्या मते अपयशाचे मूळ एका पूर्वनिश्चित निवडीत होते. कंटेंट अ‍ॅडव्हायझर सुरू केला की लेबल नसलेली पाने आपोआप अडवली जात. त्या काळी जवळजवळ सगळीच पाने बिनलेबलाची असल्यामुळे तो सुरू करणाऱ्याला वेब बंद झाल्यासारखेच वाटे, मग तो अ‍ॅडव्हायझरच बंद करून टाकी. आणि वाचक ते वापरत नाहीत म्हटल्यावर लेखकांनी लेबल लावण्याचे कारण उरत नसे. लेबलाचे कष्ट लेखकाचे आणि फायदा मजकूर गाळणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा, अशी ती व्यवस्था होती. शिवाय प्रामाणिक लेखकालाही 'हिंसा, पातळी ३' म्हणजे नेमके काय हे ठरवताना प्रश्नावली भरावी लागे.

याउलट २००६ मध्ये प्रौढ मजकुराच्या उद्योगातूनच आलेले 'आरटीए' लेबल पाहा. ठरलेली एकच अक्षरमाला, सर्वांना तीच, पातळी नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही; मेटा टॅगमध्ये (पानाविषयीची माहिती देणाऱ्या कोडमधल्या ओळीत) किंवा हेडरमध्ये (पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीत) टाकली की झाले. ते आजही चालू आहे आणि गूगलचा सेफसर्चही ते ओळखतो. मात्र ते संपूर्ण पानाला किंवा संकेतस्थळाला लागते आणि एकच गोष्ट सांगते. एका परिच्छेदाविषयी काही सांगायचे असेल तर त्याचा उपयोग नाही.

माझा कच्चा प्रस्ताव असा आहे. पानाच्या कोणत्याही घटकावर (परिच्छेद, चित्र वगैरे) लावता येईल असे, कोडमधल्या खुणेसारखे एक अ‍ॅट्रिब्यूट असावे, त्यात विषयाचे एक-दोन ठरलेले शब्द असावेत, आणि त्यासोबत माणसाने वाचायचे एक वाक्य सक्तीचे असावे. पातळी नसावी. वयोगट नसावा. आणि लेबल नसणे याचा अर्थ 'लेबल नाही' एवढाच घ्यावा, 'धोकादायक' किंवा 'सुरक्षित' असा काहीही घेऊ नये, हे मानकातच स्पष्ट लिहावे.

पडवी

विषय महत्त्वाचा आहे, पण पहिलीच शंका मूलभूत आहे. ज्याला फसवायचे आहे तो लेबल लावणारच नाही, किंवा खोटे लावेल. स्वयंघोषणेवर उभी राहिलेली व्यवस्था वेबवर टिकत नाही. मेटा टॅगमधील कीवर्डांचे काय झाले ते आठवावे: लोकांनी त्यात वाटेल ते भरले आणि अखेर २००९ मध्ये गूगलने क्रमवारीसाठी आपण ते वापरतच नाही असे जाहीर केले. आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत २००३ च्या १ एप्रिलला निघालेल्या आरएफसी ३५१४ मध्ये तर याची चेष्टाच आहे. दुष्ट हेतूने पाठवलेल्या पॅकेटने (माहितीच्या तुकड्याने) आपण दुष्ट असल्याची एका बिटची खूण स्वतःहून लावावी, म्हणजे फायरवॉलचे काम सोपे होईल, असा तो प्रस्ताव होता.

अनुस्वार

पडवी, आपण दिलेली दोन्ही उदाहरणे चपखल आहेत, पण त्यांत खोटे बोलून काहीतरी मिळत होते. कीवर्ड भरून क्रमवारी वाढत असे. इथे मी मांडत असलेल्या लेबलाने क्रमवारी वाढत नाही, दंड टळत नाही आणि परवानगीही मिळत नाही. ज्याला आपल्या वाचकाला आधी सांगायचेच आहे, त्याच्या सांगण्याला एक ठरलेली जागा मिळते, इतकाच त्याचा आवाका आहे. म्हणून हे लेबल बालसंरक्षणाचे साधन म्हणून मांडूच नये, असे मला वाटते. पिक्सवर ते ओझे टाकले गेले आणि तेव्हापासून लेबल म्हणजे कुलूप हीच समजूत पक्की झाली.

काजळमाया

मी सुगम्यतेच्या (अपंग वाचकांनाही वेब वापरता यावे यासाठीच्या) क्षेत्रात काम करते, त्यामुळे 'झाकणे' या क्रियेविषयी सविस्तर लिहिते, कारण बहुतेक प्रस्ताव तिथेच कोसळतात.

चित्र किंवा मजकूर सीएसएसने (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने) धूसर केला की डोळस वाचकापुरताच तो झाकला जातो. स्क्रीन रीडरला धूसरपणा दिसत नाही. तो चित्राचा पर्यायी मजकूर आणि परिच्छेद सरळ वाचून दाखवतो. म्हणजे ज्या वर्णनापासून वाचकाला वाचवायचे होते ते अंध वाचकाच्या कानावर कोणत्याही सूचनेविना पडते. पार्श्वभूमीच्या रंगात मजकूर रंगवण्याचेही तेच. माउस वर नेल्यावर उघडणारे आवरण कीबोर्ड वापरणाऱ्याला उघडताच येत नाही, आणि स्पर्शपडद्यावर ते कधी चुकून उघडते, कधी उघडतच नाही.

एचटीएमएलमध्ये (वेबपाने लिहिण्याच्या भाषेत) यासाठी तयार असलेली गोष्ट म्हणजे मजकूर मिटून ठेवणारा 'डीटेल्स' हा टॅग आणि त्याच्या आतला, मिटलेला असतानाही दिसणारा 'समरी'. मिटलेला असताना आतला मजकूर स्क्रीन रीडरलाही मिळत नाही, कीबोर्डने तो उघडता येतो, स्क्रिप्टची गरज नाही, आणि सूचनेचे वाक्य समरीमध्ये बसते. जुन्या किंवा अपुऱ्या सॉफ्टवेअरला हा टॅग कळला नाही तरी सूचनेचे वाक्य आधी आणि मजकूर नंतर, हा क्रम तरी शाबूत राहतो. नवी पद्धत ठरवताना ही पडझडीतली अवस्था सर्वांत आधी तपासावी, असा माझा आग्रह आहे. सगळे अलंकार गळून गेल्यावर साध्या मजकुरात जे उरते, तेच खरे मानक.

दोन त्रुटी मात्र सांगायला हव्यात. मिटलेला डीटेल्स छापताना आतला भाग सहसा कागदावर येत नाही, त्यामुळे छापील प्रतीसाठी वेगळा विचार करावा लागतो. दुसरे असे, की मिटलेल्या भागातले चित्रही पार्श्वभूमीत उतरवले जाऊ शकते. न पाहणाऱ्यालाही त्याचा डेटा भरावा लागू नये, म्हणून चित्र विलंबाने उतरवण्याची सूचना त्यावर द्यावी.

लखलखाट हा विषय यादीत असेल तर त्याला वेगळी वागणूक द्यावी. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील निकषानुसार एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारे काहीही पानावर नसावे. अपवाद फक्त ठरलेल्या तीव्रतेच्या मर्यादेखालच्या चमकेचा. अपस्माराचा झटका आणू शकणाऱ्या चित्रफितीवर लेबल लावून ती आपोआप सुरू होऊ देणे म्हणजे नियम पाळल्याचा देखावा आहे. तिथे लेबल पुरेसे नाही.

तिरपी रेघ

काजळमाया यांच्या प्रतिसादातील साध्या मजकुराचा मुद्दा धाग्याच्या मुळाशी जातो. त्यात एक तांत्रिक पुस्ती जोडतो. पहिल्या प्रस्तावातले 'कोणत्याही घटकावर एक अ‍ॅट्रिब्यूट' हे जितके सोपे वाटते तितके नाही. एचटीएमएलमध्ये आपल्या मनाचे अ‍ॅट्रिब्यूट लिहिणे वैध नाही. त्यासाठी 'डेटा-' या उपसर्गाने सुरू होणारी अ‍ॅट्रिब्यूट दिलेली आहेत. पण मानकाच्याच म्हणण्यानुसार ती त्या-त्या संकेतस्थळाच्या खाजगी वापरासाठी आहेत, बाहेरच्या सर्वसाधारण सॉफ्टवेअरने त्यांतून अर्थ काढावा यासाठी नाहीत. म्हणजे सामायिक लेबलासाठी नेमकी तीच जागा चुकीची ठरते. शिवाय अनेक लेखन-सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेसाठीची चाळणी अनोळखी अ‍ॅट्रिब्यूट निमूटपणे काढून टाकते.

राहिलेला मार्ग २००५ च्या सुमारास मायक्रोफॉरमॅट्सवाल्यांनी घेतलेला आहे: आधीच वैध असलेल्या क्लासमध्ये (घटकाच्या गटाचे नाव लिहिण्याच्या जागेत) सर्वांनी ठरवलेली नावे वापरणे. त्याच वर्षी दुव्यांसाठी आलेले 'नोफॉलो' हे मूल्यही असेच 'रेल' या जुन्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये बसवले गेले. नवा टॅग नाही, नवे अ‍ॅट्रिब्यूट नाही, म्हणून ते झपाट्याने पसरले. संपूर्ण पानासाठी मेटा टॅगमधील 'रेटिंग' हे नाव रूढ आहे. 'अ‍ॅडल्ट' या मूल्यासह ते सर्च इंजिन वाचतात. त्याला हात न लावता आपली पद्धत फक्त भागापुरती ठेवावी.

उंबरठा

मला विषयांच्या यादीची धास्ती वाटते. 'नग्नता' असा शब्द यादीत आला की स्तनांच्या कर्करोगाची स्वतपासणी शिकवणारे पान, संग्रहालयातील शिल्प आणि प्रौढ चित्रफीत एकाच रांगेत उभी राहतात. युद्धातील छायाचित्र बातमी म्हणून प्रसिद्ध झाले तरी ते 'हिंसा'च. १९९७ मध्ये अमेरिकेतील बातम्यांच्या संकेतस्थळांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. बातमीला वेगळे लेबल द्यावे तर बातमी कोणाची ग्राह्य धरायची हे कोणीतरी ठरवावे लागणार होते, आणि अखेर त्यांनी लेबल लावण्यालाच नकार दिला. आरएफसी ३६७५ मध्ये २००४ साली याच आशयाची मांडणी आहे. प्रौढ मजकूर वेगळ्या डोमेन-नावाखाली ढकलण्याच्या कल्पनेविषयी तो दस्तऐवज म्हणतो, की काय अनुचित आहे यावर जगभर एकमत नसताना नावात एकच सीमारेषा आखता येत नाही. तरीही २०११ मध्ये तसे डोमेन मंजूर झालेच, आणि त्याबाहेरचा प्रौढ मजकूर होता तिथेच राहिला, ही गोष्ट वेगळी.

म्हणून यादीतले शब्द मजकुरात काय आहे याचे वर्णन करणारे असावेत, तो कोणासाठी योग्य आहे याचा निवाडा करणारे नसावेत. 'आत्महत्येचे वर्णन', 'रक्त व जखमा', 'लैंगिक हिंसेचा उल्लेख' हे वर्णन झाले. 'आक्षेपार्ह', 'अशोभनीय' हा निवाडा झाला. आणि 'अनुचित भाषा' या गटाला तर मी यादीत पायही ठेवू देणार नाही.

एक चांगला नमुना एओथ्री या चाहत्यांच्या कथांच्या संग्रहात सापडतो. तिथे लेखकापुढे सूचनांचे मोजकेच ठरलेले पर्याय असतात, आणि त्यांच्या बरोबरीने 'लेखकाने सूचना न देण्याचे ठरवले आहे' असाही एक पर्याय असतो. वाचकाला त्यातून स्पष्ट कळते, की इथे काहीही असू शकते, जबाबदारी तुमची. कथानकातला धक्का जपू पाहणाऱ्या लेखकाला खोटे बोलावे लागत नाही. आपल्या पद्धतीत असा 'सांगत नाही' हा शब्द असायलाच हवा.

वळणवाट

'सांगत नाही' ला पूर्ण अनुमोदन.

मास्टोडॉन या समाजमाध्यमाचा अनुभव इथे उपयोगी पडेल. तिथे नोंदीवर सूचना लिहिली की ती, अशा सेवांना आपसात जोडणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये 'समरी' या क्षेत्रात जाते, आणि चित्रे झाकण्यासाठी 'सेन्सिटिव्ह' असे वेगळे हो-नाही क्षेत्र असते. पण 'समरी' हे क्षेत्र मुळात सारांशासाठी आहे. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने लेखाचा निरुपद्रवी सारांश त्यात पाठवला, तर पलीकडे तो सूचना समजून मूळ मजकूर मिटलेला दिसू शकतो. उलट दिशेने, लोक विनोदाचा शेवट किंवा सामन्याचा निकाल झाकण्यासाठीही सूचनेचीच पेटी वापरू लागले. एका क्षेत्राला दोन अर्थ चिकटले की नंतर ते वेगळे करता येत नाहीत.

त्यामुळे डीटेल्स आणि समरी वापरताना नुसत्या त्या टॅगवरून 'हा भाग संवेदनशील' असा अर्थ काढायचा नाही. क्लासचे ठरलेले नाव असेल तरच काढायचा. आणि रहस्यभेद हा स्वतंत्र विषय म्हणून यादीत घेतलेला बरा. नाहीतर लोक तो कुठेतरी कोंबणारच.

कोरा कागद

एवढ्या चर्चेत सर्वांत गंभीर प्रश्न अजून आलेला नाही. लेखकाने सौजन्याने लावलेले लेबल दुसऱ्या कोणाला तो मजकूर अडवण्यासाठी आयते हत्यार म्हणून मिळेल. एसीएलयू या अमेरिकेतील नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये स्वयं-लेबलांना विरोध केला तो याच कारणाने. ऐच्छिक म्हणून आलेले लेबल हळूहळू सक्तीचे होईल आणि अडवणाऱ्याचे काम स्वस्त होईल, ही भीती काल्पनिक नाही. लैंगिक अत्याचारातून बाहेर आलेल्या व्यक्तीने आपला अनुभव लिहावा, वाचकांची काळजी म्हणून त्यावर लेबल लावावे, आणि त्या लेबलामुळेच तो लेख शोधातून नाहीसा व्हावा, याला काय म्हणायचे?

तिरपी रेघ

कोरा कागद, ही भीती खरी आहे, पण १९९७ नंतर एक गोष्ट बदलली आहे. आता बहुतांश वेब एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेत वाचता न येणाऱ्या सांकेतिक जोडणीवर आहे, त्यामुळे वाटेतल्या जाळ्याला पानातले लेबलही दिसत नाही आणि हेडरही दिसत नाही; दिसते ते फार तर डोमेनचे नाव. भागापुरते लेबल वाचू शकतात ते वाचकाचा ब्राउझर आणि पाने गोळा करणारे क्रॉलर. सर्च इंजिनने ते क्रमवारीसाठी वापरू नये असे मानकात लिहिता येईल, पण पाळायला लावता येणार नाही, हे मान्य करावे लागेल. मात्र संपूर्ण पानाला लागणारे लेबल या पद्धतीत मुद्दाम ठेवले नाही, तर संपूर्ण पान गाळण्याचा मोह थोडा तरी कमी होतो.

माझी याहून मोठी काळजी उलट्या दिशेची आहे. वाचकाने ब्राउझरला सांगितले, की आत्महत्येविषयीचे भाग माझ्यासाठी मिटलेलेच ठेव. ही पसंती जर प्रत्येक संकेतस्थळाला पाठवली गेली, तर त्या वाचकाच्या मनःस्थितीची नोंद जाहिरातदारांपर्यंत पोहोचलीच म्हणून समजा. २०१९ च्या आरएफसी ८६७४ मध्ये ब्राउझरने 'सेफ' अशी पसंती पाठवण्याची सोय आहे, आणि ती मुद्दाम एकाच शब्दाची, तपशीलरहित ठेवलेली आहे, कारण तपशील वाढला की वाचक ओळखता येतो. आपल्या पद्धतीत तर तेवढेही पाठवू नये. लेबल पानाकडून वाचकाकडे यावे, उघडायचे की नाही हे ब्राउझरने वाचकाच्या यंत्रावरच ठरवावे, आणि पानातल्या स्क्रिप्टला तो निर्णय शक्य तितका कळू नये. 'माझा माग काढू नका' असे संकेतस्थळाला सांगणाऱ्या 'डू नॉट ट्रॅक'च्या हेडरचे उदाहरण समोर आहे: पाळण्याचे बंधन नसलेली विनंती बहुतेकांनी दुर्लक्षित केली, आणि २०१९ च्या सुरुवातीला त्याचा कार्यगटही बंद झाला. तिथे विनंती वाया गेली एवढेच. इथे तीच विनंती वाचकावर उलटू शकते.

मंद आच

मानसशास्त्राच्या बाजूने थोडेसे. सूचनांवर झालेल्या प्रयोगांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा असे दाखवतो, की सूचना वाचल्याने नंतरचा त्रास फारसा कमी होत नाही, उलट मजकूर समोर येण्याआधीची अस्वस्थता थोडी वाढते, आणि लोक मजकूर टाळतातच असेही नाही. याचा अर्थ सूचना निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. निवड करता येणे याला स्वतःचे मूल्य आहे. पण सूचनेने बरे वाटते, असा दावा मानकाच्या प्रस्तावनेत अजिबात करू नये. आणि वाक्य भयसूचक नसावे. 'सावधान! अत्यंत विचलित करणारा मजकूर' यापेक्षा 'पुढील परिच्छेदात आत्महत्येच्या प्रयत्नाचे वर्णन आहे. ते वगळूनही लेख समजतो' हे वाक्य अधिक उपयोगाचे आहे, कारण दुसऱ्या अर्ध्या भागाने वाचकाला निर्णय घेता येतो.

अनुस्वार

आतापर्यंतच्या चर्चेवरून मसुदा असा बदलतो.

नवे अ‍ॅट्रिब्यूट रद्द. संवेदनशील भाग डीटेल्समध्ये घालावा, त्यावर ठरलेल्या नावाचा एक क्लास असावा, आणि हवे असल्यास विषयाचा आणखी एक क्लास. समरीमध्ये वर्णनाचे वाक्य सक्तीचे, आणि ते पानाच्याच भाषेत. विषयांचे शब्द मात्र सर्व भाषांत तेच राहतील, म्हणजे ब्राउझरला भाषा समजण्याची गरज नाही. मंद आच यांचे 'वगळूनही समजतो की नाही' हे सक्तीचे करावे असे वाटले होते, पण सक्ती वाढली की लोक काहीतरी ठोकळेबाज लिहून मोकळे होतात, म्हणून ते शिफारशीत ठेवतो. विषयांच्या यादीत वर्णनपर शब्द, शिवाय रहस्यभेद आणि 'सांगत नाही'. अनोळखी विषय-शब्द आढळल्यास सॉफ्टवेअरने तो दुर्लक्षून नुसते वाक्य दाखवावे. त्यामुळे यादी पुढे वाढली तरी जुने काही मोडणार नाही. लखलखाट यादीत नाही, कारण तो पानावर असूच नये. पूर्ण पानासाठी काहीही नाही. वाचकाच्या पसंतीसाठी कोणताही हेडर नाही.

पडवी

माझी शंका पूर्ण फिटलेली नाही, पण दावा एवढा लहान केल्यावर विरोधाला जागाही फारशी उरत नाही. दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. एका लेबलात दुसरे लेबल आले तर काय करायचे? आणि पहिल्या परिच्छेदात म्हटलेल्या पूर्वदृश्याचे काय? तिथे तर डीटेल्स नसतोच.

काजळमाया

आतले लेबल वेगळ्या विषयाचे असेल तर मिटलेलेच राहू द्यावे. ज्याने बाहेरची सूचना स्वीकारली त्याने आतलीही स्वीकारली असे धरता येत नाही. विषय तोच असेल तर बाहेरचे उघडल्यावर आतले उघडे दाखवणे ब्राउझरवर सोडावे. दोनहून अधिक थर झाले तर वाचक न वाचताच उघडत सुटतो, त्यामुळे तिथे लेखकानेच रचना बदललेली बरी.

तिरपी रेघ

पूर्वदृश्याचे चित्र बहुतेक वेळा लेखक किंवा त्याचे सॉफ्टवेअर ओपन ग्राफच्या (पूर्वदृश्यात काय दिसावे हे सांगणाऱ्या) मेटा टॅगमध्ये स्वतः नेमते. तेव्हा नियम लेखन-सॉफ्टवेअरसाठी लिहावा: लेबल लावलेल्या भागातले चित्र त्या टॅगमध्ये कधीही आपोआप घेऊ नये. असा टॅग नसताना पानातले पहिले चित्र उचलणाऱ्या सेवांसाठी दुसरा नियम: डीटेल्समधील लेबल लावलेले चित्र सोडून पुढचे घ्यावे, आणि दुसरे चित्रच नसेल तर फक्त शीर्षक दाखवावे. पहिला नियम लेखन-सॉफ्टवेअरमध्ये आजही बसवता येईल, त्यासाठी ब्राउझरवाल्यांची वाट पाहावी लागत नाही.